बोली कळली नाही, म्हणून पास?

ब्रिजच्या टेबलावर एक मत आता इतके रुजले आहे की त्याला कोणी हटकतही नाही. मत असे: अनोळखी जोडीदाराबरोबर बसलात की बोलीतले ब्रिज संपले, उरले ते नशीब. आधी ठरवलेले नसेल तर बोलीला अर्थच नसतो. जोडीदाराने अनपेक्षित काही म्हटले की तो निव्वळ अंदाजाचा मामला होतो, आणि अंदाज चुकण्याचीच शक्यता जास्त; म्हणून शंका आली की पास करून मोकळे व्हावे. एवढे करूनही डाव बिघडला तर दोष जोडीदाराचा, कारण ‘एवढे तर सगळ्यांनाच माहीत असते’. नेहमीचा जोडीदार आला नाही म्हणून ऐन वेळी दुसऱ्याबरोबर बसणारा पुण्या-मुंबईचा जिमखान्यातला खेळाडू हे म्हणतो, आणि रात्री ब्रिज बेस ऑनलाइनवर पोलंडमधल्या नाहीतर तुर्कस्तानातल्या कुणाबरोबर खेळायला बसलेला मराठी माणूसही हेच म्हणतो. नवशिक्यांना हे मत शहाणपण म्हणून शिकवले जाते, ही त्यातली सर्वात वाईट गोष्ट. कारण हे मत खेळाच्या इतिहासाला धरून नाही, गुणांच्या हिशेबाला धरून नाही आणि जोडीदाराशी वागण्याच्या रीतीलाही धरून नाही. संदिग्ध बोलीला अर्थ असतो. तो शोधून काढता येतो. आणि तो शोधणे हे ब्रिजमधले दुय्यम काम नसून मुख्य काम आहे.

आधी पहिला दावा घेऊ: ठरलेले नाही, म्हणजे अर्थ नाही. हॅरल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये पनामा कालव्यातून जाणाऱ्या बोटीवर आपली नवी गुणपद्धती सोबत्यांबरोबर खेळून पाहिली आणि कॉन्ट्रॅक्ट ब्रिज जन्माला आले. त्यानंतर कित्येक वर्षे हा खेळ प्रामुख्याने रबर ब्रिज म्हणूनच खेळला गेला. रबर ब्रिजमध्ये जोडीदार निवडायचा नसतो. पत्ते पसरतात, प्रत्येक जण एक पान ओढतो, वरची दोन पाने ज्यांना आली ते एका बाजूला बसतात. रबर संपले की पुन्हा पाने ओढायची आणि नव्या माणसासमोर बसायचे. म्हणजे अनोळखी जोडीदार हा या खेळातला अपघात नाही, ती त्याची मूळ स्थिती आहे. कायमच्या जोड्या आणि पानेच्या पाने भरलेली सिस्टीम कार्डे डुप्लिकेट स्पर्धांबरोबर वाढली. ज्या पिढ्यांनी कार्ड न भरता, दर तासाला जोडीदार बदलत गेम आणि स्लॅम बोलले, त्या सगळ्या पिढ्या अर्थ नसलेल्या बोली एकमेकांना ऐकवत होत्या काय?

शिवाय सगळे आधी ठरवून ठेवता येते, ही समजूतच मुळात चुकीची आहे. एका खेळाडूला येऊ शकणाऱ्या १३ पानांच्या जुळण्या ६३ हजार ५०० कोटींहून अधिक आहेत. त्या सांगायला बोली फक्त ३५. पास, डबल आणि रिडबल धरून एकूण ३८ शब्द. या ३८ शब्दांतून नियमात बसणारे बोलीचे जितके क्रम तयार होऊ शकतात, त्यांची संख्या ४८ अंकी आहे. वीस वर्षे एकत्र खेळलेल्या जोडीने त्यातले किती क्रम बोलून ठरवले असतील? अगदी थोडे. बाकी सगळे ती जोडीसुद्धा तर्कानेच ओलांडते. ओळखीच्या आणि अनोळखी जोडीदारात फरक आहे तो एवढाच, की पहिल्याबरोबर न ठरवलेल्या प्रदेशात आपण चौथ्या बोलीला शिरतो आणि दुसऱ्याबरोबर दुसऱ्या बोलीला. त्या प्रदेशात चालायची रीत मात्र दोघांबरोबर सारखीच असते.

खेळाचे नियमही हाच भेद मान्य करतात. २०१७ च्या डुप्लिकेट ब्रिजच्या नियमांत जोडीने आपल्या खास समजुती प्रतिस्पर्ध्यांपुढे उघड कराव्यात असे बंधन आहे. पण ब्रिज खेळणाऱ्यांना सर्वसाधारणपणे ठाऊक असलेल्या गोष्टींवरून खेळाडूने स्वतः काढलेला निष्कर्ष उघड करण्याचे बंधन नाही. म्हणजे नियम करणाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या मानल्या: एक, जोडीने आपसात ठरवलेले, आणि दोन, ब्रिज कळणाऱ्या कुणालाही समोरच्या बोलीवरून काढता येईल असे. ही दुसरी गोष्ट अस्तित्वातच नसती, तर तिच्यासाठी नियमात वेगळी तरतूद कशाला लागली असती?

मग हा अर्थ काढायचा कसा? जोडीदार जे बोलला त्यावरून थोडा, आणि जे बोलू शकला असता पण बोलला नाही त्यावरून खूप. हे नीट पाहण्यासाठी क्लबातल्या सर्वात जुन्या भांडणाकडे जाऊ. तुम्ही १५ ते १७ गुणांचा एक नो ट्रम्प बोललात आणि समोरून थेट चार नो ट्रम्प आले. एक्के विचारले, की स्लॅमचे आमंत्रण दिले? ‘ठरले नव्हते’ म्हणून हात वर करण्याआधी जोडीदाराच्या जागी बसून पाहा. छोट्या स्लॅमला दोघांचे मिळून साधारण ३३ गुण लागतात. जोडीदाराकडे समतोल १६ गुण असतील, तर तुमच्या १५ ला बेरीज ३१ होते आणि १७ ला ३३. म्हणजे त्याला एकच गोष्ट हवी आहे: तुमची पाने खालच्या टोकाची की वरच्या? हा प्रश्न विचारायला त्याच्यापाशी दुसरी कोणती बोली आहे? दोन नो ट्रम्प आणि तीन नो ट्रम्प यांनी तो विचारला जात नाही. उलट, ज्याला खरोखर एक्के मोजायचे आहेत त्याच्याकडे बहुधा एखादा लांब रंग असतो, आणि त्याला तो रंग आधी दाखवायला मोकळी वाट आहे. जॉन गर्बरच्या नावाची, एक्के विचारणारी चार किलवरची बोलीही अनेकांना ठाऊक आहे. एका प्रश्नाला अनेक वाटा आहेत आणि दुसऱ्याला एकच. त्या एकट्या वाटेवर जोडीदार दिसला, तर तो कुठे निघाला आहे हे सांगायला लेखी करार लागत नाही.

यावर आक्षेप येतो तो असा: पण जोडीदाराने असा विचार केलाच नसेल तर? त्याच्या डोक्यात चार नो ट्रम्प म्हणजे ब्लॅकवुड, एवढेच असेल तर? आक्षेप रास्त आहे, आणि त्याला उत्तरही आहे. चांगला खेळाडू फक्त सर्वात संभाव्य अर्थ शोधून थांबत नाही. शक्य असेल तिथे तो दोन्ही अर्थांना पुरेल असे उत्तर देतो. तुमच्याकडे १७ गुण आहेत आणि दोन एक्के आहेत, तर पाच बदाम बोला. जोडीदाराने एक्के विचारले असतील तर त्याला दोन एक्के कळले. त्याने आमंत्रण दिले असेल तर तुम्ही ते स्वीकारल्याचे कळले, कारण खालच्या टोकाची पाने असती तर तुम्ही पास केला असता. शिवाय एक्क्यांची माहिती वर मिळाली. एकच उत्तर दोन्ही प्रश्नांना लागू पडते. अंदाजपंचे खेळणाऱ्याला हे उत्तर सुचत नाही, कारण त्याने शंका आल्याबरोबर विचार थांबवलेला असतो.

दुसरे उदाहरण चौथ्या रंगाचे. तुम्ही एक चौकट म्हणालात, जोडीदार एक इस्पिक, तुम्ही दोन किलवर, आणि तो दोन बदाम. खरेच बदाम आहेत, की तो काही विचारतो आहे? पुन्हा त्याच्या जागी बसा. त्याची पाने कमजोर असती तर तो दोन किलवरवर पास करून किंवा दोन चौकट म्हणून थांबला असता. बदामात अडवणारे पान आणि बेताची ताकद असती तर दोन नो ट्रम्प होते. गेमपुरती ताकद असती तर तीन नो ट्रम्प होते. इस्पिक लांब असते तर इस्पिक पुन्हा बोलता आले असते. या सगळ्या सोप्या बोली सोडून तो एकमेव न बोललेल्या रंगाकडे वळला, याचा अर्थ त्याची पाने यांपैकी कशातच बसत नाहीत आणि त्याला तुमच्याकडून आणखी ऐकायचे आहे. आणि समजा, बदाम खरेच असले, तरी त्याने आपल्या ताकदीला कुठेही वरची मर्यादा घातलेली नाही. म्हणजे दोन्ही अर्थांत तुम्ही बोलत राहणेच बरोबर ठरते. अर्थ एक की दोन हे सुटले नाही, तरी पुढचे पाऊल सुटले. संदिग्धतेपुढे हतबल होणाऱ्यांना हेच दिसत नाही: अर्थाबद्दल शंका असणे आणि कृतीबद्दल शंका असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली शंका पुष्कळदा उरते. दुसरी विचाराने बहुतेक वेळा संपते.

डबलबद्दल तर सर्वात जास्त आरडाओरड होते. तुम्ही एक चौकट बोललात, प्रतिस्पर्ध्याने एक इस्पिक म्हटले, जोडीदाराने डबल केले. दंड करण्यासाठी, की तुम्ही बोलावे म्हणून? आल्विन रॉथने १९५७ च्या सुमारास दुसरा अर्थ पुढे आणला. त्या वर्षी अवकाशात गेलेल्या उपग्रहावरून या डबलला स्पुटनिक असेही म्हणू लागले. पण रॉथचे नाव न ऐकलेल्या माणसालाही हा अर्थ काढता येतो. प्रतिस्पर्ध्याने पाच-सहा इस्पिक दाखवल्यावर जोडीदाराकडे दंड करण्याइतके इस्पिक कितीदा असतील? क्वचित. त्याच्याकडे चार बदाम आणि दोन बदाम बोलण्यास अपुरी ताकद कितीदा असेल? वारंवार. जी परिस्थिती वारंवार येते तिच्यासाठी बोली हवी, हे कुणालाही पटेल. म्हणून बोली खाली असेल आणि आपला समान रंग सापडला नसेल तेव्हा डबल म्हणजे ‘तू बोल’. बोली वर गेली असेल, आपला रंग ठरला असेल किंवा आपल्यापैकी एकाने नो ट्रम्प बोलून पाने दाखवली असतील, तेव्हा डबल म्हणजे दंड. हा नियम पाठ करायचा नाही. तो संभाव्यतेतून निघतो, आणि संभाव्यता पुण्यात आणि वॉर्सात सारखीच असते.

आता दुसरा दावा: शंका आली की पास करावा, पास सुरक्षित असतो. हे वाक्य जितके शहाणे वाटते तितकेच ते महागात पडते. हिशेबच मांडू. जोडीदार एक इस्पिक बोलला होता, तुम्ही थेट चार चौकट बोललात; तुमचा अर्थ असा, की इस्पिकला भक्कम साथ आहे आणि चौकटचे एकच पान आहे. जोडीदाराला शंका आली आणि त्याने पास केला. आता हुकूम चौकट, आणि डाव खेळणाऱ्या तुमच्याच हातात त्याचे एकच पान. सहा हात कमी पडले तर व्हल्नरेबल नसताना, डबल न होताही, ३०० गेले. दुसऱ्या टेबलावर चार इस्पिक पुरे होऊन ४२० आले. फरक ७२०, म्हणजे सांघिक सामन्याच्या गुणांत १२ आयएमपी. आता उलटी चूक घ्या. चार चौकट म्हणजे तुमच्याकडे खरेच लांब चौकट होते, आणि जोडीदाराने साथ समजून चार इस्पिक म्हटले. दोन हात कमी पडून १०० गेले. दुसऱ्या टेबलावर चार चौकट होऊन १३० आले. फरक २३०, म्हणजे सहा आयएमपी. एक चूक दुसरीच्या दुप्पट महाग आहे. शिवाय पहिला अर्थ मुळात जास्त संभाव्य आहे, कारण खरोखर चौकटवाल्याला दोन चौकट किंवा तीन चौकट बोलता आले असते. एवढी उंच उडी मारण्याचे त्याला कारण नव्हते. मग ‘सुरक्षित’ म्हणून जो पास शिकवला जातो, तो नेमका कोणाला सुरक्षित ठेवतो?

डबलवरचा पासही तसाच. प्रतिस्पर्ध्याने दोन इस्पिक म्हटले, जोडीदाराने ‘तू बोल’ म्हणून डबल केले, तुम्ही गोंधळून पास केला आणि प्रतिस्पर्ध्याने आठ हात केले. डबल झालेले दोन इस्पिक म्हणजे गेम: व्हल्नरेबल नसताना ४७०, असताना ६७०. गेमच्या जवळपासही नसलेल्या बोलीला आपण हाताने गेम बहाल केला. याउलट दंडाचा डबल सोडून तुम्ही आपला रंग बोललात, तर गेला तो हातातला दंड. तो जाणेही वाईट, पण ते बहुधा भरून निघते. मी असे म्हणत नाही की कधीच पास करू नये. जोडीदाराने आपली ताकद स्पष्टपणे मर्यादित केली असेल, किंवा त्याची बोली कोणत्याही अर्थाने थांबण्याचीच असेल, तर पास हाच विचाराचा निष्कर्ष असतो. माझा विरोध निष्कर्ष म्हणून आलेल्या पासला नाही. विचाराच्या जागी येऊन बसलेल्या पासला आहे. जिथे दोन अर्थांपैकी एकात जोडीदार उत्तराची वाट पाहत आहे, तिथे बोलण्याची किंमत बहुधा एका पातळीची असते आणि पासची किंमत अख्ख्या डावाची.

इथे इतिहासाचा दाखला माझ्याविरुद्ध वापरला जातो, म्हणून त्यालाही उत्तर द्यायला हवे. १९३० मध्ये लंडनमध्ये लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर यांच्या इंग्लिश संघाचा एली कल्बर्टसन यांच्या अमेरिकन संघाशी सामना झाला. बुलर कन्व्हेन्शनचे कडवे विरोधक. सरळ, नैसर्गिक बोलीच पुरेशी आहे असा त्यांचा आग्रह. कल्बर्टसन स्वतःची पद्धत घेऊन आले होते. दोनशे डावांनंतर बुलर यांचा संघ स्पष्ट हरला. यावरून सांगतात की तर्कावर विसंबणारे हरतात आणि करार करणारे जिंकतात. पण कल्बर्टसन यांच्या पद्धतीचा गाभा काय होता? तिच्या नावातच फोर्सिंग ही कल्पना होती: काही बोली अशा असतात की जोडीदार अजून सांगत असतो, आणि तो सांगत असताना पास करायचा नसतो. दोन्ही बाजूंची पाने हळूहळू उलगडत न्यायची, बोलीला संवाद मानायचे, हा तो विचार. तो हरलेला नाही. आज शंका येताच पास करणारा माणूस स्वतःला आधुनिक समजतो, पण कन्व्हेन्शनची नावे तोंडपाठ असूनही जोडीदाराचा संवाद अर्ध्यावर तोडण्याची सवय त्याने सोडलेली नाही.

दुसरा आक्षेप: तर्क सगळ्यांचा सारखा नसतो, कुणी ॲकॉल खेळतो, कुणी प्रिसिजन, कुणी स्टँडर्ड अमेरिकन. बरोबर. म्हणूनच काही मूलभूत गोष्टी बसण्याआधी विचारायलाच हव्यात: नो ट्रम्प किती गुणांचा, बदाम-इस्पिक पाच पानांचे की चार पानांचे, सर्वात ताकदवान पाने कोणत्या बोलीने दाखवायची, खालच्या पातळीवरचे डबल कशासाठी. हे विचारायला दोन मिनिटे पुरतात. त्यानंतर पद्धतींतला फरक तर्क मोडत नाही. तर्कात घालायचे आकडे बदलतो. ॲकॉलवाल्याचा नो ट्रम्प १२ ते १४ चा आहे? मग थेट चार नो ट्रम्पच्या आमंत्रणाला १६ ऐवजी १९ गुण हवेत. १९ आणि १४ ची बेरीज तीच ३३. प्रश्न तोच, वाट तीच, आकडा नवा. प्रत्येक फेरीत जोडीदार बदलणाऱ्या इंडिव्हिज्युअल स्पर्धांमध्येही खेळाडू एखादी साधी समान पद्धत घेऊन बसतात आणि पुढे सगळे एकमेकांच्या विचारशक्तीवर सोपवतात. तिथेही काही जण सातत्याने वर येतात. सगळे नशीबच असते, तर असे सातत्य कुठून आले?

तिसरा दावा जबाबदारीचा, आणि तो मला सर्वात अन्यायाचा वाटतो: बोली समजली नाही तर दोष ऐकणाऱ्याचा. ‘एवढे माहीत नाही?’ हा प्रश्न डाव संपल्यावर मोठ्या आवाजात विचारला जातो, आणि बहुधा तो विचारतो संदिग्ध बोली करणाराच. पण ती बोली निवडली कोणी? टेबलावर ती यायच्या आधी जोडीदाराने काहीच केलेले नसते. एस. जे. सायमन यांनी १९४५ च्या ‘व्हाय यू लूज ॲट ब्रिज’ या पुस्तकात हीच गोष्ट पात्रे उभी करून समजावली. त्यातला दुर्दैवी तज्ज्ञ टेबलावर सर्वात हुशार असतो आणि तरी हरतो, कारण तो आदर्श जोडीदारासाठी बोली करतो, समोर बसलेल्या माणसासाठी नाही. सायमन यांचा आग्रह असा, की कल्पनेतला सर्वोत्तम परिणाम शोधू नका. समोरच्या जोडीदाराबरोबर मिळू शकेल असा उत्तम परिणाम शोधा. सत्तरहून अधिक वर्षे झाली, आणि आजही आपण त्या तज्ज्ञालाच आदर्श मानतो आहोत.

या अन्यायावर जो उपाय सुचवला जातो, तो रोग वाढवतो. उपाय असा: अनोळखी जोडीदाराबरोबर बसण्याआधी शक्य तितकी कन्व्हेन्शन ठरवून घ्या. दहा मिनिटांत बारा नावांना ‘हो, हो’ म्हणायचे आणि खेळायला लागायचे. पण कन्व्हेन्शन म्हणजे नाव नव्हे. मधे प्रतिस्पर्ध्याने बोली केली तर ते लागू आहे का, डबल झाले तर काय, आधी पास केलेल्या माणसाने तेच बोलले तर काय, या सगळ्यांची उत्तरे म्हणजे कन्व्हेन्शन. नाव ठरले आणि उत्तरे ठरली नाहीत, तर संदिग्धता कमी होत नाही. आधी एक अर्थ असलेल्या बोलीला आता दोन अर्थ मिळतात. दोन न ओळखणाऱ्या माणसांनी जितके कमी आणि जितके नक्की ठरवावे तितके चांगले. बॉब हॅमन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेला सल्ला सांगतो, की समोरच्या योग्य पर्यायांत तीन नो ट्रम्प असेल तर तेच बोला. जगज्जेत्या खेळाडूने साध्या, निःसंदिग्ध गेमला एवढा मान द्यावा, यात अनोळखी जोडीदाराबरोबर बसणाऱ्या प्रत्येकाला शिकण्यासारखे आहे. सूक्ष्म बोलीने कधीतरी एखादा जास्तीचा हात मिळतो; ती चुकीची वाचली गेली तर अख्खा डाव जातो. हा हिशेब बोली करणाऱ्याने करायचा असतो, कारण पर्याय त्याच्या हातात असतात.

कुणी म्हणेल, हे सगळे खरे असेल तर जुन्या जोड्या का जिंकतात? २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी पुरुषांच्या जोडीत भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, ते दीर्घकाळ एकत्र खेळल्यामुळेच ना? जुन्या जोडीचा फायदा मी नाकारत नाही. पण तो फायदा कसला आहे? शंकेचे प्रसंग कमी येतात, हा. शंका येतच नाही, असा नव्हे. १९७५ च्या बर्म्युडा बाऊलच्या अंतिम सामन्यात बेलाडोना आणि गारोझो ही इटलीची जगज्जेती जोडी सात किलवरपर्यंत गेली, तेव्हा हुकमाचा राजा प्रतिस्पर्ध्याकडे होता. तो सोयीच्या जागी सापडला म्हणून डाव पुरा झाला आणि इटलीने सामना २६ आयएमपींनी जिंकला. जगातल्या सर्वात तयार जोडीच्या बोलीतही इतकी फट राहू शकते. मग करार पुरेसा असला की प्रश्न मिटतो, हे कोणत्या आधारावर सांगायचे? लांब भागीदारी तर्काला पर्याय देत नाही. वर्षानुवर्षे एकत्र केलेल्या तर्काचा ती साठा असते. ज्याने अनोळखी माणसाबरोबर तर्क करायचा कंटाळा केला, त्याच्याकडे तो साठा कधीच जमणार नाही.

एक गोष्ट राहिली, आणि ती गंभीर आहे. बोलीला अर्थ नसतो असे मानणारा माणूस अर्थ दुसरीकडे शोधू लागतो: जोडीदार किती वेळ थांबला, डबल किती जोरात म्हटले, पास करताना चेहरा कसा होता. संगणकावर चेहरा दिसत नाही, पण लागलेला वेळ दिसतो, आणि तोही वाचला जातो. अशी माहिती वापरण्याला नियमांची मनाई आहे. जोडीदाराच्या चालढकलीतून किंवा हावभावातून जे कळले त्याचा फायदा न घेण्याची काळजी खेळाडूने स्वतः घ्यायची असते. तसेच, प्रतिस्पर्ध्याने अर्थ विचारला तर त्याला तुमचा करार कळण्याचा हक्क आहे, तुमचा अंदाज नव्हे. करार नसेल तर ‘आमचे ठरलेले नाही’ हेच प्रामाणिक उत्तर. चुकीची बोली करणे हा गुन्हा नाही. लपवलेली समजूत आणि चेहऱ्यावरून वाचलेला अर्थ हे मात्र नियमभंग आहेत. म्हणून बोलीचा अर्थ बोलीतूनच काढण्याची सवय हा केवळ कौशल्याचा भाग नाही, सचोटीचाही भाग आहे. तर्काची वाट बंद करून नवशिक्याला अंदाजाकडे ढकलणारे त्याला नकळत याच दिशेने ढकलतात.

तेव्हा माझे म्हणणे पुन्हा स्पष्ट सांगतो. अनोळखी जोडीदाराची बोली ही एका विचार करणाऱ्या माणसाने अनेक पर्याय बाजूला सारून केलेली निवड असते. त्या निवडीला कारण असते, आणि ते कारण तुम्हाला त्याच्या जागी बसून शोधता येते. तो दुसरे काय बोलू शकला असता? कोणत्या अर्थाची पाने जास्त वेळा येतात? माझी चूक कोणत्या बाजूला झाली तर कमी महाग पडेल? दोन्ही अर्थांना चालेल असे उत्तर माझ्याकडे आहे का? हे चार प्रश्न विचारायला कुठलेही कार्ड लागत नाही. आणि बोली करण्याची पाळी तुमची असेल तेव्हा पाचवा प्रश्न: मला न ओळखणाऱ्या माणसाला हे कळेल का? ‘नाही’ असे उत्तर आले, तर ती बोली कितीही सुंदर असो, ती करू नका. एवढे करूनही काही डाव चुकतील. चुकू द्या, विचार करून चुकलेल्या डावातून पुढच्या डावासाठी काही शिकता येते. क्लबात नव्यांना शिकवणाऱ्यांना माझे आवाहन आहे: त्यांना ‘शंका आली की पास’ हे वाक्य शिकवणे बंद करा. त्याऐवजी त्यांना दर आठवड्याला नव्या माणसासमोर बसवा, आणि बोली अडली की पास करण्याआधी हे प्रश्न विचारायला लावा.